खुडूक पेटीची सामाईक तार

लग्न होऊन मी इचलकरंजीहून कोल्हापुरात आले, तेव्हा घरात माणसं तीनच होती. सासरे, सासूबाई आणि आमचे हे. शिवाय माजघरात, देवघराच्या भिंतीला पाठ लावून, एक सागवानी पेटी उभी होती. माणसांशी आठ दिवसांत जमलं. पेटीशी जमायला दोन महिने लागले, पण जमलं ते चांगलंच जमलं.

मामंजी गुरांचे डॉक्टर. संस्थान विलीन झालं त्या सुमारास ते नोकरीतून मोकळे झाले होते. त्यांच्या ओळखीचा एक साहेब हौसेनं पांढऱ्या विलायती कोंबड्या पाळायचा. त्याची म्हातारी घोडी मामंजींनी दोनदा वाचवली होती. साहेब मायदेशी परत निघाला तेव्हा घोडीच्या उपकारापोटी ही पेटी त्यानं बैलगाडीत घालून आमच्याकडे धाडून दिली. कोंबडीशिवाय अंडी उबवायची पेटी. कोंबडी अंड्यांवर बसायला लागली की तिला आपण खुडूक बसली म्हणतो, म्हणून सासूबाईंनी तिचं नाव ठेवलं खुडूक पेटी.

पेटी कमरेएवढी उंच, पुढं काचेचं दार, आत जाळीचे दोन खण आणि तळाला पाण्याचं ताट. डाव्या-उजव्या भिंतीला एकेक तारेचं वेटोळं होतं, ते विजेवर तापायचं. वर मधोमध एक चपटी पितळी डबी होती, रुपयाएवढी. तिच्यात ईथर भरलेलं, जरा ऊब लागली की वाफ होणारं. पेटी हवी तेवढी तापली की डबी फुगायची, एक दांडी वर ढकलायची आणि एका वेटोळ्याची वीज तुटायची. गार झालं की डबी चपटी होऊन वीज पुन्हा जोडली जायची. याला थर्मोस्टॅट म्हणतात, असं मामंजींनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. हा शब्द ते फार प्रेमानं उच्चारायचे.

अडचण एकच होती. पेटीच्या पाठीमागून तीन तारा बाहेर आल्या होत्या आणि त्या कुठं जोडायच्या, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. कधीकाळी त्यांच्या कापडी वेष्टणाला वेगवेगळे रंग असणार. आता तिन्ही गुळाच्या ढेपेसारख्या दिसत होत्या. झाकणाच्या आतल्या बाजूला जोडणीचा कागद चिकटवलेला होता, पण नेमका खालचा अर्धा भाग कसरीनं खाल्लेला.

मामंजींनी वायरमनला बोलावलं. आमच्या भागातल्या निम्म्या घरांची वीज यानंच ओढलेली. मोठा आवाज, खांद्याला कातडी पिशवी, कानावर पेन्सिल. त्यानं तीन तारांकडे एकदा बघितलं आणि निकाल दिला.

"दोन कामाच्या हायती डाक्टर. तिसरी अर्थची, जमिनीत गाडायची. आपल्या हितं अर्थ न्हाय, म्हणून तिला पट्टी मारून गप बसवतो."

त्यानं दोन तारा विजेला जोडल्या आणि तिसरीला काळी पट्टी गुंडाळली. पेटी तापायला लागली. मामंजी खुर्ची टाकून फॅरनहाइटच्या थर्मामीटरसमोर बसले. पारा ऐंशीवर आला, पंच्याऐंशीला टेकला, आणि तिथंच राहिला. अंड्यांना शंभराच्या वर एक-दोन लागतात. दिवस गेला, दुसरा गेला. मामंजींनी दाराच्या फटींना कापूस लावला. पेटीवर घोंगडं पांघरलं. थर्मोस्टॅटचा स्क्रू पिळून पिळून शेवटापर्यंत नेला. पारा काही हलेना.

"डबीतलं ईथर उडालं असंल," वायरमन म्हणाला. "आता मुंबईलाच धाडा."

मामंजींचं तोंड उतरलं. जेवताना त्यांनी आमटी परत मागितली नाही, यावरून सासूबाईंनी प्रकरण गंभीर असल्याचं ओळखलं.

आता माझं सांगते. माझे वडील इचलकरंजीत लूमच्या शेडमध्ये फिटर होते. शेड आमच्या घराला लागूनच, आणि दुपारची भाकरी घेऊन मीच जायची. भाकरी संपेपर्यंत मी त्यांच्या शेजारी बसायची आणि ते घास खाता खाता समोरच्या लूमच्या मोटारीकडे बोट करून शिकवत राहायचे. "तारंचा रंग बघू नको, रंग उडतोय. ती कुठनं निघाली आन् कुठं गेली, ते बघ." मी मॅट्रिकपर्यंत शिकले, पण विजेचं जे काही मला येत होतं ते त्या भाकरीच्या वेळातलं. सासरी हे कुणाला माहीत नव्हतं. मुलगी बघायला आले तेव्हा विणकाम येतं का, एवढंच विचारलं होतं.

दोन दिवस मी गप्प राहिले. नवी सून, काय बोलणार? पण केर काढताना मी पेटीला बाहेरून हात लावून बघितला. डावीकडे कोमट, उजवीकडेही तेवढीच कोमट. दोन्ही वेटोळी चालू होती, पण दोन्ही अर्धपोटी. तेव्हाच माझ्या डोक्यात काय ते आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वायरमन आपली तार सोडवून न्यायला आला. मामंजी पेटीवरचं घोंगडं घडी करत होते. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मी दारात उभी राहिले आणि म्हटलं, "मामंजी, एक विचारू?"

"विचार की."

"ती पट्टी मारलेली तार अर्थची नसली तर?"

वायरमननं मान वळवून माझ्याकडे बघितलं. "वैनी, हे चुलीचं काम न्हवं."

"बोलू द्या तिला," मामंजी म्हणाले. घोंगडं त्यांच्या हातात तसंच राहिलं.

मी खाली बसले आणि रांगोळीनं फरशीवर काढून दाखवलं. दोन वेटोळी. प्रत्येकाला दोन टोकं, म्हणजे टोकं चार व्हायला हवीत. पण बाहेर आल्यात तीन. याचा अर्थ आत दोन टोकं एकत्र बांधलेली आहेत आणि एक तार दोघांत सामाईक आहे. तुम्ही जोडलेल्या दोन तारा वेगवेगळ्या वेटोळ्यांच्या असतील, तर वीज आधी एका वेटोळ्यातून आणि मग दुसऱ्यातून जाते. दोघांना मिळून एकाचंसुद्धा पुरं जेवण नाही. म्हणून दोघंही उपाशी.

वायरमन रांगोळीवर वाकला. कानावरची पेन्सिल काढली, परत ठेवली. मला वाटलं, आता चिडतो.

"आन् सामाईक कंची, ते कसं कळायचं?" त्यानं विचारलं. आवाज निम्म्यावर आला होता.

"तुमच्याजवळ होल्डरला लावलेला दिवा असंल की."

"हाय की. शंभराचा हाय."

"मग दिवा मधे धरून दोन-दोन तारा जोडून बघायच्या. तीन जोड्या होतात. दोन जोड्यांत मधे एकच वेटोळं येईल, दिवा जास्त पेटंल. एका जोडीत दोन्ही वेटोळी येतील, दिवा मंद पेटंल. मंद पेटला त्या दोन तारा सोडून जी उरंल, ती सामाईक."

तारा ओळखता याव्यात म्हणून सासूबाईंनी शिवणाच्या डब्यातून दोरे काढून बांधले. एकीला तांबडा, एकीला पिवळा, आणि पट्टीवालीला काळा. उघड्या तारांना हात लावायचं काम वायरमननंच केलं. मला त्यानं लावू दिला नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही लावायचा नव्हता. दर खेपेला तो बटण बंद करायचा, तारा बदलायचा, "लांब व्हा" म्हणून ओरडायचा आणि मग बटण दाबायचा.

तांबडी आणि काळी. दिवा बऱ्यापैकी पेटला.

पिवळी आणि काळी. तेवढाच.

तांबडी आणि पिवळी. दिव्यातली तार नुसती लालसर झाली, विझत आलेल्या उदबत्तीसारखी.

"काळी!" मामंजी जवळजवळ ओरडलेच. "काळी सामाईक!"

सासूबाई हातातलं सूप बाजूला ठेवून पुढं आल्या होत्या. त्यांनी सगळं नीट बघितलं होतं. "म्हंजे असं म्हणा की," त्या म्हणाल्या, "दोघी जावा एकमेकींशी धड बोलंनात. पर सासूशी दोघीबी बोलत्यात. आन् ह्यानं सासूच्याच तोंडाला पट्टी मारलीया!"

वायरमन इतका हसला की पिशवी खांद्यावरून घसरली. हसत हसतच त्यानं काळी तार एका बाजूला जोडली, तांबडी आणि पिवळी एकत्र पिळून दुसऱ्या बाजूला, आणि सांध्यांवर नवी पट्टी गुंडाळली.

बटण दाबलं. पाव तासात पारा नव्वदच्या पुढं गेला. मामंजी खुर्चीवर बसेचनात. शंभर झाले, एकशेतीन, एकशेसहा, आणि थांबायचं नाव नाही. आता काय, म्हणून सगळे माझ्याकडे बघायला लागले! मी वाकून थर्मोस्टॅटकडे बघितलं. मग आठवलं.

"मामंजी, तुम्ही स्क्रू शेवटापर्यंत पिळलाय न्हवं?"

त्यांनी कपाळावर हात मारला. पेटी बंद करून गार होऊ दिली, स्क्रू परत मागं आणला. नंतरचे दोन दिवस मामंजी आणि मी मिळून तो स्क्रू केसाकेसानं फिरवत होतो. मी फिरवायची, ते पारा वाचायचे. अखेर एकशेएकला टिक्क असा बारीक आवाज आला आणि पारा थांबला. थोड्या वेळानं पुन्हा टिक्क. तो आवाज ऐकून मामंजींनी माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं, तसं तोवर त्या घरात मला कुणी बघितलं नव्हतं. सून म्हणून नाही, बरोबरीचं माणूस म्हणून.

अंडी आमच्या यांनी आणली. हे हातकणंगले स्टेशनात मालाच्या ऑफिसात होते, रोज रेल्वेनं जाऊन-येऊन. तिथल्या शेतकऱ्यांकडून टोपलीत भुसा घालून चाळीस अंडी मांडीवर घेऊन आले. पण जिन्याखालीच घरमालकांनी अडवलं. मालक लिंगायत, किराणा दुकानवाले, गळ्यात लिंग आणि बोलण्यात मधेमधे कानडी. घर भाड्यानं देताना त्यांची एकच अट होती, घरात मांसमच्छी शिजवायची नाही, अंडंसुद्धा नाही. आम्ही ती पाळत होतो.

"डॉक्टर, हे काय? चाळीस?"

"खायला न्हवं मालक," मामंजी वरून म्हणाले. "उबवायला. चाळीस जीव जगवायचे हायत."

मालक विचारात पडले. खाण्याला बंदी होती, जगवण्याबद्दल अटीत काहीच नव्हतं. "जगवायचे असतील तर न्या," म्हणाले, "पण एक जरी फुटलं तरी मला कळू देऊ नका."

एकवीस दिवस आमचं घर पेटीभोवती फिरत होतं. सकाळ-संध्याकाळ अंडी फिरवायची, ताटात पाणी घालायचं. एकदा भर दुपारी वीज गेली, तर सासूबाईंनी गरम पाण्याचे तांबे भरून पेटीत ठेवले आणि स्वतः दाराला पाठ लावून बसल्या. आठव्या दिवशी अंडी दिव्यासमोर धरून बघितली. आत लाल शिरांचं जाळं दिसलं, कोळ्याच्या जाळ्याएवढं नाजूक. नऊ अंडी नुसती पिवळी होती, ती काढून टाकली. बाकीच्यांत जीव होता.

विसाव्या दिवशी सकाळी मी पाणी घालायला दार उघडलं आणि आतून चिवचिव ऐकू आली. अंडं अजून फुटलेलं नव्हतं, आवाज मात्र कवचाच्या आतून येत होता. मी सगळ्यांना हाका मारल्या. त्या दिवशी यांची गाडी चुकली, ऑफिसातल्या साहेबाला काय सांगितलं कुणास ठाऊक. दुपारपर्यंत पहिल्या अंड्याचा टवका उडाला. एक ओलं, केविलवाणं, मान न सावरणारं पिल्लू बाहेर पडलं, आणि तासाभरात फुलून पिवळा कापसाचा गोळा झालं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सव्वीस पिल्लं निघाली.

बघायला गल्ली लोटली. वायरमन दारात उभा राहून लोकांना आत सोडत होता. "पावणं, चपला भाईर! दार उघडायचं न्हाय, काचंतनं बघायचं! सामाईक तार कंची ती वैनींनी काढली बरं का, आपण न्हाय." घरमालकही सगळ्यांच्या मागून आले. काचेला नाक लावून बराच वेळ बघत राहिले. दुकानात गेल्यावर पिल्लांना खायला तांदळाची कणी पाठवून दिली, आजऱ्याकडची, वासाची.

पुढं चार-पाच वर्षं ती पेटी चालली. पिल्लं आसपासच्या खेड्यांत गेली, मामंजी ती ज्याला द्यायचे त्याला अर्धा तास पाळायचं कसं ते शिकवायचे. वायरमन मधूनमधून येऊन मला काहीतरी विचारायचा. एका घरात दोन दारांना दोन बटणं आणि घंटी एकच, तारा कशा ओढू? थेटरातल्या पंख्याचं काय झालं असंल? मी रांगोळीनं काढून दाखवायची, तो पेन्सिलनं कागदावर उतरवून न्यायचा. एकदा वडील इचलकरंजीहून आले असताना तो योगायोगानं घरी होता. वडिलांना नमस्कार करून म्हणाला, "पोरगी चांगली शिकवलीसा."

वडील बुजले. म्हणाले, "मी कुठं शिकवलं? मी भाकरी खात हुतो."

मामंजींनी त्यांचा हात धरला आणि त्यांना पेटीपाशी नेलं. आत नवी उबवण चालू होती. दोघं म्हातारे गुडघ्यांवर हात ठेवून काचेसमोर वाकले आणि थर्मोस्टॅटची टिक्क ऐकू येईपर्यंत तिथून हलले नाहीत. मी चहा घेऊन उभीच होते. तो निवला, म्हणून परत गरम करायला आत गेले.