पटक्याचं दुसरं टोक

मंगळवार. आज पहाटे आई गेली.

कळंबातच दुपारच्या आत सगळं उरकलं. पाहुणे चारच्या एसटीनं परत गेले.

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, उजवा हात नव्हता. कोपरापासून खाली काहीच नाही.
आईशी लग्न झालं त्याच वर्षी जिनिंगच्या मशीननं तो ओढून नेला. निजामाचं राज्य होतं. मालकानं कामावरून काढलं, तेव्हा अण्णांनी धाराशिवला भरपाईचा दावा लावला.

बोडक्या डोक्यानं अदालतीत जाणं म्हणजे साहेबाचा अपमान. म्हणून पेशी असली की आई त्यांना पटका बांधायची. दार लावून, अंगणात.

ती एक टोक धरून उभी. अण्णा दुसरं टोक दातात धरून, हळूहळू गोल फिरत तिच्याकडं यायचे.
पांढरं कापड. कोवळं ऊन.
आई सांगायची, "तेवढा येळ दाव्याचं कायबी आठवायचं न्हाय."

मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. तरी मला ते स्वप्नात दिसतं. अण्णा फिरतात, कापड संपतच नाही.

पहिल्या पेशीला साहेबानं विचारलं, "पटका कुणी बांधला?"

भरल्या अदालतीत बायकोनं बांधला असं कसं सांगणार?
"म्याच, सरकार."

"एका हातानं इतका नेटका पटका बांधतोस आणि काम होत नाही?"

पुढच्या पेशीला आई सोबत गेली. पुन्हा तोच प्रश्न. 
मागून पदराआडून आई म्हणाली, "म्या बांधते, सरकार. लाजंनं खोटं बोलले त्ये."

लोक हसले. साहेबही हसले.
"मग बायको आहे की बांधायला. अडचण कसली?"
दावा खारिज.

 परतताना वाटेत येरमाळ्यात वाऱ्यानं पटका सुटला. बाजारचा दिवस, रस्ताभर माणसं.

आई म्हणाली, "आवं, आडबाजूला चला."
"आता कशाला? साहेबाम्होरं तर सांगून बसलीस. धर टोक."

आणि अण्णा भर बाजारात गोल फिरले.

पुढं निजाम गेला. अण्णांनी पुन्हा अर्ज केला. नव्या साहेबांनी तेच, उर्दूऐवजी मराठीत सांगितलं.
अण्णा असेपर्यंत पटका आईनंच बांधला. दार उघडं ठेवून.

तुमच्या सगळ्यांचे फोन, मेसेज पोचले. उत्तर द्यायला जमलं नाही.

आई, अण्णा भेटले असतील तर त्यांचा पटका सैल झाला असेल. बघ जरा.
नीट जा.

तिचं काल धुतलेलं नऊवारी लुगडं दोरीवरच होतं. आत्ता काढलं.
एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं, दुसरं हातात धरलं आणि घडी घातली.