आमचा संघ शेवटून पहिला

लीग सुरू व्हायच्या आधी कोण कितवं येणार हे छापून सांगायची हौस सगळ्यांनाच असते, पण कोरोनाच्या पहिल्या वर्षी खरं तर कोणाचीच तशी हिंमत व्हायला नको होती. मार्चपासून नेदरलँड्समधल्या आमच्या टिलबर्ग गावातल्या हॉलना कुलूप, ते उघडेपर्यंत उन्हाळ्याची सुट्टी. ऑगस्ट आला तरी कोणी कोणाला बास्केटबॉल खेळताना पाहिलेलं नव्हतं. तरीही आमच्या विद्यार्थी क्लबच्या कार्यकारिणीने ठरवलं की हंगामाचा अंदाज निघालाच पाहिजे, कारण तो दरवर्षी निघतो. डच माणूस साथीला घाबरेल, पण वार्षिक नियोजनात खाडा करणार नाही.

इथे क्लबमध्ये नुसतं खेळून भागत नाही, प्रत्येकाने एक काम उचलायचं असतं. कोणी गुण लिहितं, कोणी शिट्टी घेऊन पंच होतं, कोणी जर्सी धुऊन आणतं. माझ्या वाट्याला क्लबच्या पत्रिकेतला हा लेख आला, कारण बाकीच्या कामांच्या वेळी मी मान खाली घालून बसले होते.

मी तेव्हा चौतीस वर्षांची होते आणि संघातल्या बाकीच्या सहा जणी विशीच्या आसपास. नागपूरला कॉलेजात मी पाच वर्षं खेळले, मग लग्न झालं, मग नवऱ्याची नोकरी टिलबर्गला आली आणि त्याच्या मागोमाग मी आले. विद्यापीठात डच शिकायचा एक छोटा कोर्स घेतला आणि त्या जोरावर क्लबात शिरले. मार्चमध्ये कोर्स लॅपटॉपवर आला, नवऱ्याचं ऑफिस जेवणाच्या टेबलावर आलं, आणि कॅमेऱ्यात न दिसता वाकून फ्रिजपर्यंत जायला मी शिकले. मंगळवारी संध्याकाळी सात ते सव्वाआठ हा आमच्या संघाचा सरावाचा तास होता. आठवड्यात तेवढाच वेळ मी कोणाची बायको नसायचे. सप्टेंबरमध्ये तो परत मिळणार, यावर मी अख्खा उन्हाळा काढला. किती हवा होता ते मात्र कोणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही.

लेख मी दोन दुपारी लिहिला. लीगमध्ये सहा संघ होते आणि माझ्याकडे माहिती म्हणून त्यांनी इंटरनेटवर टाकलेले फोटो. आर्नहेमच्या संघाला मी पहिला नंबर दिला, कारण फोटोत सगळ्या मुली उंच दिसत होत्या. फोटो पायऱ्यांवर काढलाय हे नंतर लक्षात आलं. दुसऱ्या एका संघाने नवा प्रशिक्षक आणला होता. त्याला दाढी आहे यापलीकडे मला काही कळलं नाही, पण तेवढ्यावर मी ‘यंदा बचावात शिस्त दिसेल’ असं ठोकून दिलं. तिसऱ्या संघातल्या मुली उन्हाळाभर आपापल्या खोलीत चेंडू आपटतानाचे व्हिडिओ टाकत होत्या. खालच्या मजल्यावरच्यांनी त्यांना शेवटचा नंबर दिला असता, मी तिसरा दिला. असले लेख लिहिणारे सगळे असंच करतात, हा माझा तेव्हाही अंदाज होता आणि आजही आहे.

मग आमच्या संघाची पाळी आली आणि माझ्यातली नागपूरकरीण जागी झाली. आमच्याकडे सामन्याआधी आपल्या संघाबद्दल चांगलं बोलत नाहीत, दृष्ट लागते. पेपर सोपा गेला असेल तर ‘वाट लागली’ म्हणायचं, पाच पदार्थ केले असतील तर ‘काही नाही हो, साधंच केलंय’ म्हणायचं. कॉलेजात फायनलच्या आदल्या दिवशी आम्ही सगळ्या चहाच्या टपरीवर मुद्दाम मोठ्याने सांगायचो की उद्या आपली धुलाई आहे. समोरच्या संघातल्याही तेच सांगायच्या. ऐकणाऱ्याला त्यातलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे बरोबर कळायचं.

त्या सवयीने मी आमच्या संघाला सहावा नंबर दिला. वर लिहिलं की हा संघ शेवटून पहिला यायला समर्थ आहे. आमच्या कॅप्टनचे शॉट रिंग सोडून हॉलमध्ये सगळीकडे लागतात, असं लिहिलं. आणि सातव्या खेळाडूबद्दल, म्हणजे माझ्याबद्दल, लिहिलं की वय जास्त, वेग कमी, संघात घेतलंय ते ती सरावानंतर खायला आणते म्हणून. लिहिताना मी एकटीच खूप हसले. यंदा आपण दुसरे येणार अशी माझी आतून खात्री होती, म्हणून तर एवढी मीठमोहरी ओवाळली.

आठवड्याने कार्यकारिणीची मेल आली. साथीमुळे दोन संघ दारात एकमेकांना भेटू नयेत म्हणून दर तासानंतर हॉल थोडा वेळ मोकळा ठेवायचा नियम झाला होता, त्यामुळे तास कमी पडत होते. कोणत्या संघाला हॉल किती गरजेचा आहे हे ठरवायला त्यांनी कॅप्टनांकडून फॉर्म भरून घेतले होते. आमची कॅप्टन नेमकी तेव्हा तंबू घेऊन कुठल्याशा डोंगरात होती आणि तिचा फॉर्म कोराच राहिला. मेलमध्ये होतं, ‘तुमच्या संघाचं या हंगामातलं ध्येय आम्हाला मिळालं नाही. सुदैवाने तुमच्या खेळाडूने केलेलं सविस्तर मूल्यमापन उपलब्ध होतं.’ मंगळवारचा तास पुरुषांच्या पहिल्या संघाला गेला होता. आम्हाला बागेतलं उघडं मैदान सुचवलं होतं, पावसात निसरडं होतं अशी सूचनाही सौजन्याने जोडली होती.

मी मेल नवऱ्याला दाखवली. त्याने हेडफोन एका कानावरून काढला.

“अगं, पण असं कशाला लिहायचं? त्यांना काय माहीत आपलं उलटं असतं ते.”

“तू अप्रेझलमध्ये काय लिहिलंस? आय जस्ट हेल्प्ड द टीम.”

त्याने हेडफोन परत कानावर ठेवला. त्या वर्षीचं त्याचं प्रमोशन टीममधल्या दुसऱ्याला मिळालं होतं. हे बोलायला नको होतं, पण मला राग आला होता आणि घरात त्याच्याशिवाय कोणी नव्हतं. मग मी बाथरूममध्ये जाऊन रडले. एका तासासाठी चौतीस वर्षांची बाई रडते याची लाज वाटली आणि तरी रडू थांबलं नाही.

मी तक्रार केली, तेव्हा कार्यकारिणीच्या ऑनलाइन बैठकीत आम्हाला मुद्दा क्रमांक सात मिळाला, वेळ पाच मिनिटं. अध्यक्ष एकवीस वर्षांचा होता आणि स्वतःच्या खोलीत, मागे कपडे वाळत असताना, कोट घालून बसला होता. मी इंग्रजीत सांगितलं की लेखातला आमच्याबद्दलचा भाग खरा नाही.

“आणि बाकी संघांबद्दलचा?” त्याने विचारलं.

“त्यांच्याबद्दल मला काहीच माहीत नव्हतं.”

त्याने ते लिहून घेतलं. “म्हणजे ज्यांची माहिती नव्हती त्यांना वर ठेवलंस, आणि ज्यांची होती त्यांना खाली?”

मी हो म्हणाले. दृष्ट लागण्याचं समजावून सांगायचा प्रयत्न केला, पण इंग्रजीत ते फारच येडपट वाटलं आणि अर्ध्यात सोडून दिलं.

“ठीक आहे,” तो म्हणाला. “तुमचा संघ चांगला आहे का?”

सरळ प्रश्न होता. हो म्हटलं असतं की संपलं होतं. माझ्या तोंडून निघालं, “बरा आहे.” आमच्याकडे ही मोठी स्तुती झाली, पण तिथे ती पुन्हा लिहून घेतली गेली.

तेव्हा कॅप्टनने माइक सुरू केला. ती डोंगरातून परतली होती, नाक उन्हाने सोललेलं. “माझे शॉट रिंग सोडून सगळीकडे लागतात, असं तुला वाटतं?” तिने मला विचारलं. ती चिडलेली नव्हती, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी नाही म्हणाले. “मग जे वाटतं ते लिही,” ती म्हणाली. अध्यक्षाला ही कल्पना आवडली. शुक्रवारपर्यंत प्रत्येक खेळाडूबद्दल खरं मत लिहून द्यायचं आणि त्यावर मंगळवारचा निर्णय होईल, असं ठरलं.

सहा जणींबद्दल लिहायला मला एक तास लागला. कॅप्टनचे जवळचे शॉट क्वचितच चुकतात हे लिहिलं, एकीइतका चांगला बचाव नागपूरलाही मी पाहिला नव्हता हे लिहिलं, दोघींमध्ये चेंडूवरून भांडणं होतात हेही लिहिलं. सातव्या नंबरवर अडकले. चार वेळा सुरुवात केली आणि चारही वेळा तिसऱ्या शब्दापाशी मी स्वतःची टिंगल करत होते. शेवटी ती जागा कोरी सोडून कागद कॅप्टनला पाठवला आणि म्हटलं, माझं तू लिही.

तिने दहा मिनिटांत लिहून थेट कार्यकारिणीला पाठवलं, मला प्रत दिली. ‘सातवी खेळाडू हळू आहे. बचावात तिला मदत लागते. लांबून तिच्याइतका चांगला शॉट आमच्यात कोणाचाच नाही. तिला हे माहीत नाही, किंवा माहीत नसल्याचं सोंग ती करते. दोन्हींचा आम्हाला कंटाळा येतो, कारण त्यामुळे ती चेंडू मागत नाही.’

मी ते उभ्यानेच वाचलं. आधी तोंडात आलं, ही कोण टिकोजीराव लागून गेली. मग खुर्चीत बसले. विनय हा माझा सगळ्यात चांगला गुण आहे असं मी आयुष्यभर धरून चालले होते, आणि एका वीस वर्षांच्या मुलीने त्याला बचावातल्या कच्चेपणाशेजारी नेऊन बसवलं होतं. तिचं म्हणणं खरं होतं. आणि मी मागत नव्हते तो फक्त चेंडूच नव्हता.

तास परत मिळाला. ऑक्टोबरात सगळं पुन्हा बंद झालं, लीग रद्द झाली आणि कोण कितवं आलं असतं हे कोणालाच कळलं नाही, आर्नहेमच्या पायऱ्यांनाही नाही. त्याआधी पाच मंगळवार मिळाले.

पहिल्या मंगळवारी खिडक्या उघड्या होत्या आणि हॉलमध्ये गारठा होता. मी रेषेबाहेर, माझ्या जागेवर, मोकळी उभी होते. चेंडू कॅप्टनकडे होता आणि ती दुसरीकडे बघत होती. मी हात वर केला आणि ओरडले, “मला दे.” तिने दिला. माझा शॉट रिंगला लागून बाहेर गेला. तिने चेंडू उचलला आणि मी पुन्हा हात वर केला.