अण्णांच्या पसंतीचा मॉनिटर

गिटारसाठी मॉनिटर घ्यायचा म्हणजे अण्णांना बरोबर न्यायचं, यावर आमच्या घरी चर्चाच झाली नाही. अण्णा म्हणजे माझे थोरले भाऊ, माझ्याहून चौदा वर्षांनी मोठे. निपाणीत त्यांचा मंडप आणि साउंडचा व्यवसाय आहे. लग्न असो, जत्रा असो की पुढाऱ्याचं भाषण, निपाणीपासून चिकोडीपर्यंत लोक त्यांनाच बोलावतात. कारण विचारलं की एकच उत्तर मिळतं, 'त्यांचा कान लई तिखट हाय.'

मी बेळगावात वकिली करतो. समोरच्याचं म्हणणं खोडून काढायचं, यावर माझं घर चालतं. पण अण्णांपुढे 'नाही' हा शब्द माझ्या तोंडून कधी निघालेला नाही. शिवाय आमच्यात एक रीतच आहे. थोरल्यानं पसंत केलेल्या वस्तूला दुकानात, परक्या माणसासमोर नाव ठेवायचं नाही. मग ती साडी असो, ट्रॅक्टर असो, नाहीतर सोयरीक. कुरकुर करायची ती घरी येऊन, तीही स्वयंपाकघरात.

आता गिटारविषयी. बेचाळिसाव्या वर्षी मी मेटल वाजवतो. म्हणजे गिटारचा आवाज वाढवून वाढवून पार फाडून टाकायचा आणि त्या फाटलेल्या आवाजातून सूर काढायचे. बायको विचारते, 'मिक्सरमध्ये चमचा राहिला का?' पहिली इलेक्ट्रिक गिटार घरी आणली तेव्हा सगळे वैतागले होते. एकट्या अण्णांनी बाजू घेतली. 'गाढव वरडतंय खरं, सुरात वरडतंय,' म्हणाले. त्या वाक्यावर मी वीस वर्षं काढली. आम्ही तिघं आहोत. ड्रमवर शाळेतले ड्रॉइंगचे सर, बेस वाजवत गळा फाडायला बँकेतला एक अतिशय सालस माणूस, आणि मी. दर रविवारी काकतीजवळ सरांच्या मेहुण्याच्या खताच्या गोडाऊनमध्ये आमची प्रॅक्टिस चालते.

माझा जुना अँप, म्हणजे गिटारचा स्पीकरसह अँप्लिफायर, उचलायला दोन माणसं लागायची. पाठीनं नोटीस दिली तेव्हा तो विकून मी पायाशी ठेवायचा प्रोसेसर घेतला. अँपचा सगळा आवाज आता त्या चपट्या डब्यात तयार होतो. राहिला मॉनिटर, म्हणजे स्टेजवर आपल्या पुढ्यात तिरका ठेवायचा, आतच पॉवर असलेला स्पीकर. त्यात एक गोम आहे. गिटारचा जुना स्पीकर वरवरचा कर्कशपणा स्वतःच गिळून टाकायचा. मॉनिटर काहीही गिळत नाही, जे पाठवू ते तोंडावर फेकतो. गाण्याला किंवा भाषणाला हे चांगलंच, पण फाडलेल्या गिटारला त्याच्या बारीक, उंच सुरांच्या भोंग्याचा आवाज सौम्य असावा लागतो. हे कानानंच ठरवावं लागतं, आणि घरातला कान म्हणजे अण्णा.

बेळगावातल्या दुकानात दोन मॉनिटर लावले. अण्णांनी आधी आपल्या पद्धतीनं टाळी वाजवली, माइकमध्ये 'हॅलो, एक दोन तीन' केलं, मॉनिटरवर तळवा ठेवला. दुकानदाराला 'स्वल्प जोर माड्री' म्हणून आवाज वाढवायला लावला आणि मला मानेनं खूण केली.

पहिल्या मॉनिटरमध्ये भोंगा मोठ्या स्पीकरच्या मधोमध बसवलेला होता. आवाज घट्ट आला, एकेक फटका जिथल्या तिथे. मी डोळे मिटून वाजवत राहिलो. दुसऱ्यात भोंगा वर वेगळा होता. पहिल्याच तारेला तापल्या तव्यावर पाणी पडावं तशी चरचर सुरू झाली आणि दातांपर्यंत पोचली. दुकानदारानं कान चोळला. मी मान वर केली तर अण्णा माझ्याकडेच बघत होते. त्यांच्याशी नजरानजर झाली की हसायचं, ही माझी लहानपणापासूनची सवय. मी हसलो.

"ह्योच!" अण्णा म्हणाले. "बघ की, कसा मोकळा आवाज हाय!"

"व्हय अण्णा. भारी हाय."

म्हणालो, आणि मग उमगलं. अण्णांना ती चरचर ऐकूच आली नव्हती. तीस वर्षं ते भोंग्यांच्या बगलेत उभे राहिले होते, त्याचं हे फळ. ही गोष्ट बाहेर फुटली तर त्यांना लग्नाला कोण बोलावणार? साउंडवाल्याला कान नाही म्हटल्यावर राहिलं काय? मी पैसे दिले आणि तो मॉनिटर गाडीत ठेवला.

रविवारी सरांनी दोन मिनिटांत काठ्या खाली ठेवल्या. "वकीलसाहेब, कानात सुई घालताय काय?" मी प्रोसेसरमधून वरचा आवाज कापला. सुई गेली, पण गिटारचा जीवही गेला. बँकवाला हळू आवाजात म्हणाला, "परत करूया की." त्यावर मी एवढा युक्तिवाद केला की दोघांनी हात जोडले. शेवटी भोंग्यावर घडी घातलेला टॉवेल बांधला आणि तसंच रेटायचं ठरवलं. आपण भावाची अब्रू राखतोय, असा एक ताठाही मनात होता. तो आज आठवला की स्वतःचाच राग येतो.

तिसऱ्या रविवारी अण्णा न सांगता गोडाऊनवर आले. पाहुण्याला सांबऱ्याला विमानावर सोडून परत निघाले होते. खताच्या पोत्यावर टेकले आणि त्यांची नजर टॉवेलवर गेली. मी खोकलो. सर ड्रमचा स्क्रू आवळू लागले. अण्णांनी त्या दोघांना गोडीनं चहाला पाठवलं.

"टॉवेल काढ," ते म्हणाले.

मी काढला.

"आता वाजीव. आणि हसू नगंस. जसं लागतंय तसंच तोंड कर."

मी वाजवलं. अण्णा मॉनिटरकडे बघतच नव्हते, माझ्याकडे बघत होते. चरचर आली तसा माझा चेहरा आंबट झाला असणार. त्यांनी हात वर करून थांबवलं.

"दोन वर्सं झाली," ते म्हणाले. "वरचं काय बी ऐकू येत न्हाय. डॉक्टरनं कागद दावला. रेघ सरळ येती, आणि मग धाडकन खाली जाती."

"मग दुकानात, अण्णा?"

"दुकानात तुझ्या तोंडाकडं बघत हुतो. पहिल्याला तू डोळं झाकलास, मला वाटलं पोराला आवडंना. दुसऱ्याला हसलास. म्हटलं, ह्योच." मग म्हणाले, "दोन वर्सं असंच चालीवतोय रं. लोकांच्या तोंडाकडं बघून."

मला रडूच फुटलं. बेचाळीस वर्षांचा वकील खताच्या पोत्यांमध्ये उभा राहून, गळ्यात गिटार घेऊन रडत होता. त्यांना ऐकू येत नाही याचं दुःख होतंच, पण त्याहून जास्त लाज वाटत होती. मी ज्याला आदर समजत होतो त्यानं त्यांना फसवलं होतं. त्यांनी माझ्या चेहऱ्यावर भरवसा ठेवला आणि मी तोच खोटा केला.

"रडतोस कशाला? तोंड खराब हुतंय, मला वाचाय येत न्हाय," अण्णा म्हणाले. मग आम्ही दोघंही हसलो.

पुढच्या शनिवारी पुन्हा दुकानात गेलो. पहिला मॉनिटर होताच, पण दुकानदारानं एक नवीनही आणून लावला. तो नवा वाजवत असताना अण्णांनी विचारलं, "ह्यो कसा हाय? घ्यायचा?"

दुकानदार उभा होता, आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती. मी तारांवर तळवा ठेवून गिटार थांबवली.

"न्हाय अण्णा," मी म्हणालो. "वाईट हाय. टोचतोय."

दुकानदार चपापला. अण्णांना मात्र कोण आनंद झाला. "आता बोललास! हितं उभं ऱ्हाऊन कसा? अजून डावीकडं सरक. आता?" उभं राहायची जागा बदलली की त्या मॉनिटरचा आवाजही बदलत होता. मधोमध भोंगा असलेला कुठूनही सारखाच लागत होता, म्हणून तोच घेतला. टॉवेलवाला अण्णांनी भाषणांसाठी स्वतःकडे ठेवून घेतला. बोलणं त्यातून खरंच स्पष्ट येतं.

बाहेर टेम्पोत बसल्यावर अण्णांनी किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही.

"गुरवारी चिकोडीत लगीन हाय," ते समोर बघत म्हणाले. "माइक शिट्टी मारतो ते मला कळत न्हाय. मागच्या लग्नात भटजी अष्टकं म्हणत हुते. बायकांनी कानावर हात ठेवलं तवा कळलं." मग स्टिअरिंगवरून अंगठा फिरवत त्यांनी विचारलं, "येशील काय? कोर्ट आसंल तर ऱ्हाऊ दे."

अण्णांनी माझी शाळेची फी भरली, वकिलीचा काळा कोट शिवून दिला. त्या बदल्यात आजवर त्यांनी माझ्याकडे काही म्हणजे काही मागितलं नव्हतं. गुरुवारी माझी एक तारीख होती.

"येतो की," मी म्हणालो. "मी कुठं थांबू? मिक्सरजवळ?"

"मिक्सरजवळ मी हाय की," अण्णा म्हणाले. "तू समोर ऱ्हा. मला तुझं तोंड दिसंल असा."