भुरीचे दहा दिवस

आमचे हे भर दुपारी कारखान्यातून घरी आले, तेव्हाच मी हातातलं काम खाली ठेवलं. पाळी सुटायला अजून वेळ होता, आणि मधेच उठून घरी यायची त्यांची रीत नाही. दारात उभे राहूनच म्हणाले, "धारहून ऑफिसात फोन आला होता. आत्या गेल्या." त्यावर माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो आत्याबद्दल नव्हताच. मी विचारलं, "आई कशी आहे?" बाबांच्या मागे धारच्या घरात नणंद-भावजय दोघीच राहत होत्या. आता आई एकटी. देवासहून इंदूर, तिथे बस बदलून धार, एवढ्या वाटेत मी आत्यासाठी रडले कमी आणि आईसाठी घाबरले जास्त. कारण एकटं पडलेलं माणूस कसं हळूहळू विझत जातं, ते मी त्याच घरात एकदा पाहिलेलं आहे. ते माणूस म्हणजे आत्याच. तेव्हा तिच्याविषयी लिहायचं तर मला तिथूनच सुरुवात करायला हवी.

आणीबाणीच्या आदल्या वर्षी आतोबा मनावर गावी वारले. तिथल्या तहसिलीत होते ते. मूलबाळ नव्हतं, म्हणून बाबा जाऊन आपल्या बहिणीला धारला घेऊन आले. मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. मला ठाऊक असलेली आत्या पत्त्यांत बेधडक लबाडी करणारी आणि पकडली गेली की सगळ्यांत मोठ्याने हसणारी होती. बाबांबरोबर आली ती कुणी दुसरीच बाई. पहाटे उठायची, आंघोळ करून सोवळ्यात पूजा करायची आणि माजघरात भिंतीला टेकून बसायची ती बसायचीच. ताटावर दोन घास, रात्री झोप नाही, छातीत सारखी धडधड. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब फार वाढलाय, रोज थोडं चालायला हवं. आई तिला म्हणाली, "वन्सं, तळ्यापर्यंत तरी जाऊन येत जा." आत्या म्हणाली, "जाईन. आणि तिथून परत कशासाठी यायचं, ते सांगा."

तिचा आवाज निघायचा तो फक्त भुरीवर. भुरी म्हणजे बाबांनी राखणीला म्हणून मागच्या अंगणात ठेवलेली गावठी कुत्री. दांडीवर वाळत घातलेल्या सोवळ्याच्या आसपास ती फिरकली की आत्या काठी घेऊन धावायची. एका सकाळी अशीच धावली, आणि भुरी न्हाणीघर आणि कुंपणाची भिंत यांच्या सांदीत सापडली. पुढे उगारलेली काठी, मागे जायला जागा नाही. तिने आत्याच्या पोटरीचा चावा घेतला. आत्या ओरडलीसुद्धा नाही. सरळ न्हाणीघरात गेली आणि आतून कडी घातली. आई बाहेरून दार बडवतेय, "अहो वन्सं, रक्त येतंय, आधी बाहेर या!" आणि आतून उत्तर, "कुत्रं शिवलंय मला. आंघोळ केल्याशिवाय कशी येऊ?" कितीतरी वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. विटाळ जावा म्हणून तिने तो पाय साबण लावलावून घासला होता.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी जखम पाहिली आणि खूश होऊन म्हणाले, "माताजी, ये आपने सबसे बढ़िया काम किया. इतना साफ़ तो मेरा कंपाउंडर भी नहीं धोता." मग गंभीर झाले. कुत्री घरची आहे, दिसायला ठणठणीत आहे, चावा पायाला आहे. तेव्हा तिला दहा दिवस बांधून नजरेसमोर ठेवा. नीट खात-पीत राहिली तर काळजी नाही. आजारी पडली, मेली किंवा पळाली, तर त्याच दिवसापासून पोटात चौदा इंजेक्शनं. निघताना बाबांना परत बजावलं, "और गुस्से में उसको मार मत देना, मास्टरसाब. वो ज़िंदा है, तभी तक हमको कुछ पता है."

घरी आल्यावर आईने देवापुढे दिवा लावला आणि तिथेच बसून राहिली. लहानपणी टोंकखुर्दला तिच्या माहेरचा एक गडी पिसाळलेलं कुत्रं चावून गेला होता, आणि ते तिने पाहिलं होतं. पाण्याचा पेला पुढे केला की तो किंचाळायचा, एवढंच तिने मला सांगितलं. त्यापुढचं तिने कधी सांगितलं नाही.

भुरीवर दिवसभर लक्ष ठेवणार कोण? बाबा शाळेत, मी कॉलेजात, आई कुत्र्याला नेहमीच भिणारी. उरली ती आत्याच. तिने माजघरातलं आपलं पाट-आसन उचललं आणि मागच्या दारात आणून मांडलं. पेरूच्या झाडाला बांधलेली भुरी आणि दारात बसलेली आत्या, दोघी एकमेकींकडे बघत. पहिल्या दिवशी त्या बघण्यात नुसता राग होता. दुसऱ्या दिवशी मी घरी आले तर आत्या आपण होऊन बोलली, "पाणी प्यायली. अर्धी पोळी मात्र टाकली." तिच्या तोंडून एवढं मोठं वाक्य मी कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "दुपारी दोनदा शिंकली गं. शिंकणं वाईट असतं का?" मग दूध-पोळी ती स्वतःच कुस्करायला लागली. आधी वाडगं काठीने पुढे सरकवायची. नंतर काठी भिंतीलाच उभी राहायला लागली.

आणि एका दुपारी मी अंगणात आले तर झाडाला नुसती दोरी लोंबत होती. आत्या चौकटीला धरून उभी. "सुटली," एवढंच म्हणाली. तेवढ्यात गल्लीतून आरडाओरडा ऐकू आला. आमच्या पाच घरं पुढे गेंदालालचं किराण्याचं दुकान होतं; माळव्यात भैयाला भिया म्हणतात, तसा तो सगळ्यांचा गेंदालाल भिया. माणूस चांगला, पण चावल्याची बातमी त्यालाही लागलेली होती. तो आणि आणखी तिघंचौघं काठ्या घेऊन नालीच्या कडेला भुरीला कोंडून उभे होते. कुणीतरी आधीच दगड मारला होता, तिचा एक पाय वर होता.

मी नुसती बघत राहिले. माझ्या अंगाला घासून कोण गेलं ते क्षणभर कळलंच नाही. मनावरहून आल्यापासून जिने उंबरा ओलांडला नव्हता ती आत्या, अनवाणी, डोक्यावरचा पदर खाली आलेला, गल्लीतून धावत होती. कुत्री पिसाळलीय असं समजून गेंदालाल आत्याला बघून ओरडला, "दूर हटो बुवाजी, या कुतरी तो बावली हुई गी!" आत्या त्यांच्यामधून घुसली आणि भुरीला पोटाशी धरून तिथेच मातीत बसली. सोवळं नेसलेली आत्या! "हात तो लगाओ इसको," ती म्हणाली, "ये मरी तो मैं मरी, समझे?" काठ्या खाली आल्या. गेंदालाल भिया बिचारा हात जोडून मागे सरला आणि पोरांना म्हणाला, "चलो रे, रस्ता दो बुवाजी को."

संध्याकाळी स्वयंपाकघरात ती आईला म्हणाली, "मीच सोडली होती, वहिनी."

आईची तव्यावरची पोळी करपली.

"म्हटलं, ही गेली की कळायचा प्रश्नच नाही. इंजेक्शनं मी घेणार नव्हतेच. काय व्हायचं ते होऊन जाईल एकदाचं... पण ती जाईचना हो. दारापर्यंत गेली आणि मागे वळून माझ्याकडे बघत उभी राहिली, चला म्हटल्यासारखी. मी हाड् केलं तेव्हा गेली. आणि मग त्या लोकांचे आवाज आले."

आई फार रागावली. तिला इतकं रागावलेलं मी आधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. "मरायचं होतं तर धावलात कशाला?"

"ती मरेल म्हणून," आत्या म्हणाली.

खरी कसोटी त्यापुढेच होती. दगड लागलेली भुरी दुसऱ्या दिवशी पडूनच राहिली. पोळीला तोंड लावेना, पाणी हुंगून मान फिरवायची. हे दुखण्यामुळे, की ते दुसरं काही, कोण सांगणार? बाबांनी इंजेक्शनं इंदूरहून मागवायची व्यवस्था केली. आत्या पाण्याचं वाडगं घेऊन सकाळपासून झाडाखाली बसली होती. पूजा केली नव्हती, जेवली नव्हती. "पी गं," म्हणत होती, "घोटभर पी." उन्हं कलली तेव्हा भुरीने मान पुढे केली आणि लपलप पाणी प्यायला सुरुवात केली. वाडगं रिकामं होईपर्यंत आत्या हलली नाही, आणि मग हमसून हमसून रडायला लागली. आतोबा गेल्यावर ती रडली नव्हती. ते सगळं रडणं त्या दिवशी पेरूखाली झालं. आई तिच्या शेजारी जाऊन बसली, कुत्रीपासून हातभर अंतर राखून.

दहा दिवस झाले. डॉक्टर स्वतः येऊन बघून गेले, म्हणाले, आता सगळे सुटलात. बाबांचे एक सहकारी भुरीला आपल्या शेतावर न्यायला तयार होते. आईने तर तिची दोरीही सोडून ठेवली होती. आत्या म्हणाली, "न्या ना. पण मग उद्या सकाळी मी उठू कशाला, तेवढं सांगून न्या."

भुरी राहिली. आत्या आणखी बारा वर्षं जगली आणि चांगली जगली. दिवसाचा क्रम तिने स्वतःच बदलला. आधी भुरीला घेऊन तळ्यापर्यंत, मग आंघोळ, मग पूजा. कुणी सोवळ्यावरून छेडलं तर म्हणायची, "दत्ताच्या पायाशी चार बसलीत, त्यांना कोण आंघोळ घालतं?" वाटेत गेंदालालच्या दुकानी पाच मिनिटं थांबायची, तळ्याकाठी बायकांशी बोलायची. झोप लागायला लागली, रक्तदाब उतरला, पत्त्यांतली लबाडी परत आली. आमचे हे यंत्रांतले माणूस. ते म्हणतात, "त्या रोज चालल्या, चार माणसांशी बोलल्या, दमून झोपल्या. यात कुत्र्याचं काय?" मी म्हणते, चालायला तर डॉक्टरांनीही सांगितलं होतं. गेली होती का? भुरी म्हातारी होऊन गेली, मग चिंगी आली. आईने मात्र दोघींपैकी कुणालाही कधी हात लावला नाही. चावा आत्याला बसला, भीती आईच्या अंगात राहिली.

आत्याचं तेरावं झालं आणि मी आईची ट्रंक भरली. तिला देवासला न्यायचं हे मी ठरवूनच टाकलं होतं. ती नाही म्हणत नव्हती, हो म्हणत नव्हती. माजघरात बसून असायची. हाक मारली की "अं?" म्हणायची. अंगणात चिंगी तशीच पडून. तिला गेंदालाल भिया ठेवून घेतो म्हणाला होता.

निघायच्या दिवशी सकाळी जाग आली तर आईचं अंथरूण रिकामं. मी धडपडत उठले. माजघरात नाही, न्हाणीघरात नाही... पुढचं दार सताड उघडं. आई पायरीवर उभी होती, पायांत चपला. चिंगीची दोरी तिने अगदी टोकाला, हात लांब करून धरली होती.

"ही इतके दिवस धड खात नाही," माझ्याकडे न बघता म्हणाली. "वन्सं फिरवून आणायच्या, मगच खायची."

"आई, दे इकडे. मी नेते."

"तुला हिच्या सवयी कुठे ठाऊक आहेत? तू चहा टाक. आम्ही येतो तळ्यापर्यंत जाऊन."

चिंगीने तिला ओढलं आणि आई तिच्यामागे निघाली. दोघी गल्लीच्या वळणाआड जाईपर्यंत मी दारात उभी होते. मग आत आले, चहाचं आधण ठेवलं, ट्रंक उघडली आणि आईची लुगडी एकेक करून परत कपाटात लावायला घेतली.