रान मी राखलं नाही

ही गोष्ट सांगायचं मी आयुष्यभर टाळलं. विषय निघाला की उठून जायचो. आता गावकऱ्यांनी डोंगरावरच्या रानाला फलक लावायचं ठरवलंय, त्यावर 'रान राखणारे' म्हणून माझं नाव घालणार आहेत. पुतण्या म्हणतो, "काका, मान मिळतोय तर घ्या ना. जुनं कशाला उकरता?" उकरणार. आणि तो फलक लागलाच तर माझ्या हातानं उपटून टाकीन.

मिठाच्या सत्याग्रहाच्या आधीची दोनेक वर्षं मी खोतांचा कारकून होतो. त्या डोंगरावर पूर्वी ऐन-किंजळाचं रान होतं. गावातल्या प्रत्येक घराची झाडं ठरलेली. दरसाल त्यांच्या फांद्या तोडायच्या, वाळवून भाताच्या रोपांच्या जागेवर पसरायच्या आणि पेटवायच्या. यालाच भाजावळ म्हणतात. फांदी तोडायची, बुंध्याला हात लावायचा नाही. असं ते रान कित्येक पिढ्या टिकलं होतं. खोतांनी ते तोडून सागाच्या सरळ ओळी लावल्या, भोवती दगडांचा गडगा घातला आणि गावाला आत येणं बंद केलं. ती बंदी मी मोठ्या हौसेनं राबवली; त्यावरूनच गाव आता मला राखणदार ठरवतंय. जुन्या खुंटांना फुटवा आला की तोही छाटून टाकायला लावायचो.

वणव्यापासून लागवड वाचावी म्हणून गडग्यालगतचं गवत आधीच जाळून ठेवावं लागे. त्या वर्षी दुसऱ्या दिवशी खोत पाहणीला यायचे होते आणि माझं काम राहिलं होतं. गडी सकाळी आपापल्या भाजावळीत गुंतलेले, ते आले दुपारी. त्यांत एक म्हातारं कूळ होतं. वयानं माझ्या वडिलांएवढे, तरी मी त्यांना अरेतुरेच करायचो.

ते म्हणाले, "भाऊ, आता पेटवू नका. समुद्राकडचा वारा सुटायची वेळ झाली. उद्या पहाटे येतो सगळे."

"तू मला शिकवू नकोस. भीती वाटते तर घरी जा."

"घरी जाईन हो. पण वारा माझ्या संगती घरी यायचा नाय."

गडी हसले. त्या हसण्याचाच मला राग आला. मी स्वतः काडी ओढली.

वारा आला. आग गडगा ओलांडून सागात शिरली आणि संध्याकाळपर्यंत अर्धा डोंगर काळा झाला. ते म्हातारे झावळीनं आग झोडपत होते, त्यांच्या हातांची सालं निघाली होती.

दुसऱ्या दिवशी खोतांनी सगळ्यांना अंगणात उभं केलं. म्हाताऱ्यांची भाजावळ डोंगराच्या पायथ्याशीच होती.

"काय रे, तुझी आग विझली होती का?"

"सकाळीच विझली, खोतानू. कारकूनभाऊंनी बघितलंय. त्यांना विचारा."

खोतांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "धूर होता."

गडी मान खाली घालून उभे राहिले. सगळे खोतांचीच जमीन कसत होते. त्याच आठवड्यात म्हाताऱ्यांची शेती काढून घेतली. ते समुद्रकाठी नाटे गावाला मुलीकडे गेले.

खोतांचं सागावरचं मन उडालं, त्यांची मंडळी मुंबईला गेली, माझी कारकुनीही सुटली. गडगा ढासळला. मी छाटलेल्या खुंटांतून ऐन पुन्हा उठले, करवंदीच्या जाळ्यांनी सागाच्या ओळी गिळल्या, भेकरं आली. त्यात कुणाचंही कर्तृत्व नाही. आम्ही सगळे तिथून निघून गेलो, म्हणून ते रान वाढलं.

चारेक वर्षांनी मी नाट्याला गेलो, कबूल करायलाच. म्हातारे लेकीच्या अंगणात सुकत घातलेल्या मासळीवरचे कावळे हाकत बसले होते. शेतकरी माणूस! मला पाहून त्यांनी लेकीला गूळ-पाणी आणायला सांगितलं.

"भाऊ, ऐन फुटले काय?"

"फुटले."

"मग झालं तर. मला वाटलं, मुळं पण जळली."

त्यांनी कावळ्याला खडा मारला. लेक माझ्याकडे बघत दारात उभी होती. मी पाणी प्यालो, पावसापाण्याचं बोललो आणि उठलो. पुढच्याच वर्षी ते गेले.

सबंध वाट चालताना मी जे घोकत गेलो होतो, ते हे: दादा, आग मी लावली, तुम्ही नको म्हणत असताना लावली. तुमची भाजावळ विझलेली मी डोळ्यांनी पाहिली होती. मी खोटं बोललो आणि तुमची जमीन घालवली. मला क्षमा करा.