थांबण्यास मनाई

आम्ही मित्र त्याला भोंगा म्हणायचो. घरातही तो ओरडूनच बोलायचा. ‘हळू बोल रे, मी काही ट्रकमध्ये बसलेली नाही,’ त्याची आई म्हणायची. तो हसायचा आणि पुढचं वाक्य तितक्याच मोठ्यानं बोलायचा.

टोलच्या मोठ्या रस्त्यावर तो गस्तीच्या गाडीवर होता. कुणाची गाडी बंद पडली की तिच्या मागे नारिंगी कोन मांडायचे, लेन बंद करायची. गाडी ओढून नेली की कोन उचलायचे. रस्ता एका खाजगी कंपनीनं पैसा घालून बांधलेला. पंचवीस वर्षं टोल तिचा, देखभालही तिची, मग रस्ता सरकारचा. लेन जास्त वेळ बंद राहिली की कंपनीला दंड. म्हणून कोन उचलायची कायम घाई.

मी साहित्य शिकलो. एकही कविता लिहिली नाही, तरी तो मला कवी म्हणायचा.

‘कवी, मुदत संपली की रस्ता आपला. मधोमध खुर्च्या टाकून चहा पिऊ.’

‘गाड्या तेव्हाही असतीलच की.’

‘असू देत. कोन मी मांडतो.’

मंगळवारी दुपारी कोन उचलताना त्याला टेम्पोनं उडवलं. घाईत पाठ गाड्यांकडे होती. आम्ही दवाखान्यात पोचायच्या आत तो गेला होता, आणि लेन सुरू झाली होती.

त्याच्या आईला ती जागा बघायची होती. दुसरं काही नको होतं.

मी कंपनीच्या कार्यालयात गेलो. तिथला साहेब वाईट माणूस नव्हता. त्यानं मला पाणी दिलं. ‘तिथे कुणालाच थांबता येत नाही हो. जाता जाता गाडीतून दाखवा.’

तेही केलं. टोल भरला. गाडी हळू केली, तर मागून हॉर्न सुरू. ‘कुठे?’ आईनं विचारलं. तोवर जागा मागे गेली होती.

मग भोंग्याचा जोडीदार घरी आला. दोघं एकाच गस्तीच्या गाडीवर असायचे. निघताना तो म्हणाला, ‘मावशी, रविवारी सकाळी तुमची गाडी बंद पडेल.’

‘गाडी माझी आहे,’ मी म्हणालो.

‘मग तुझी पडेल, शहाण्या.’

‘नोकरी जाईल तुझी,’ आई म्हणाली.

‘बघू.’

रविवारी माझी गाडी बंद पडली. जोडीदारानं मागे लांबवर कोन मांडले. आई उतरली. डांबरावर काहीच नव्हतं. धुऊन काढलं होतं. शेजारून गाड्या जात होत्या, प्रत्येकीच्या वाऱ्यानं ती हलत होती.

ती काहीतरी म्हणाली. मला ऐकू आलं नाही. ती पुन्हा म्हणाली. मी कानाला हात लावला. तेव्हा ती ओरडली.

‘एवढा आवाज असतो होय रे इथे?’

‘हो,’ मीही ओरडलो.

‘आणि मी त्याला हळू बोल म्हणायचे.’

जोडीदार कोन उचलायला लागला.

‘तोंड गाड्यांकडे ठेव रे,’ आई ओरडली. त्यानं हात वर केला.

मी गाडी सुरू केली. ती दार धरून उभीच राहिली. शेवटचा कोन उचलला जाईपर्यंत ती आत बसली नाही.