कुरडू हाये

भंडाऱ्यापासून गोंदिया जिल्हा वेगळा होऊन काही वर्षं झाली होती. त्या पावसाळ्यात वैनगंगेला पूर आला आणि फौजेतल्या आमच्या कॉलमला भंडाऱ्याजवळच्या कारध्याकडे हलायची ऑर्डर मिळाली. भंडाऱ्याचे आम्ही दोघंच, म्हणून एकाच लहान बोटीत बसवलं. मी हवालदार, विणकराच्या घरातला. नायक नामदेव एकोडीचा, धानाच्या बांधीत वाढलेला.

सकाळी दाट धुकं होतं. एका छपरावरून आम्ही म्हातारी आणि तिची दिवस भरलेली सून उतरवून घेतली. परतताना इंजिन बंद पडलं.

"कंट्रोल, बोट टू. इंजिन फेल. ओव्हर."

"बोट टू, वेट. ओव्हर."

सुनेला कळा सुरू झाल्या होत्या. त्यांना वेट म्हणायला काय जातं!

पाण्यावर गुलाबी-पांढरे तुरे दिसले. खोड नाही, पानं नाहीत, नुसती टोकं. माझ्या अंगावर काटा आला. नामदेव मात्र खूश झाला.

"कुरडू हाये. मुरमाड पडीत जमिनीत होते हा, पाण्यात नाही. म्हणजे खाली टेकाड हाये."

"नक्की?"

"उस्ताद, तुमाले साडीचा काठ समजते, बांधाचा नाही."

तो कमरेइतक्या पाण्यात उतरला. दोर मनगटाला गुंडाळून बोट ओढू लागला आणि धुक्यात दिसेनासा झाला. प्रत्येक तुऱ्याला हात लावून ओरडायचा, "कुरडू हाये... कुरडू हाये..."

मग एकदम, "थांबा! हा कुरडू नाही. याची मान वाकली हाये. हा नाल्यातला..."

दोर सैल पडला. मी ओढला, तर टोक मोकळंच आलं. त्यानं मनगटावरून सोडवला होता. धरून ठेवला असता तर बोटही नाल्यात गेली असती.

मी वल्हं रोवून हाका मारल्या. बऱ्याच वेळानं उजवीकडून शांत आवाज आला, "कुरडू हाये."

"जित्ता हाये पोरगा," म्हातारी म्हणाली.

तिकडे वल्हवत गेलो. तुरे ताठ उभे होते. बोट जमिनीला लागली. तिथं कोणी नव्हतं. बाळ त्याच टेकाडावर जन्मलं.

नामदेवाचा देह सापडला तो नाल्याच्या तोंडाशी, पार डावीकडे. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण तो आवाज आम्ही तिघांनी ऐकला.

पुढच्या वर्षी त्याच्या आईला त्या टेकाडावर नेलं. कुरडू वर्षाचाच सोबती. सुकतो, बी सांडतं, न पेरता पुन्हा येतो. माउली तुऱ्यांना हात लावत पुढे चालली आणि हळू आवाजात म्हणू लागली, "कुरडू हाये... कुरडू हाये..."

नामदेवाचे ते शब्द मी तिला कधीच सांगितले नव्हते.